बंदुकीला गर्दी का चालत नाही

हैदराबादच्या आरटीसी क्रॉस रोडवरून नारायणगुड्याकडे निघालं की चिक्कडपल्ली लागते. फर्स्ट पर्सन शूटर गेमचे मॅप आखणाऱ्या कोणालाही हा रस्ता दाखवला तर त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आहेत आणि ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झालेली ग्रीन लाइन त्यांच्यावरून धावते. चौकात तर मेट्रोच्याही वरून इंदिरा पार्क ते व्हीएसटी हा सव्वादोन किलोमीटरचा पोलादी पूल जातो. तो ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. खाली रस्ता, वर रेल्वे, तिच्यावर पूल, असे तीन मजले एकाच जागी. आजूबाजूला संध्या, देवी, सुदर्शन ही सिनेमागृहं, बिर्याणीसाठी प्रसिद्ध बावर्ची हॉटेल, पुढे त्यागराय गानसभा, सिटी सेंट्रल लायब्ररी, देऊळ, भाजीबाजार आणि दोन्ही अंगांना आत शिरणाऱ्या गल्ल्या. इथून दुसरं स्टेशन सुलतान बाजार, म्हणजे हैदराबादी मराठी माणसाच्या अगदी पायाखालचा भाग. उंचावरून नेम धरायला जागा आहे, लपायला आडोसा आहे, शत्रूला बगल देऊन मागून गाठायला बोळ आहेत. खेळाला लागणारं सगळं सामान मांडून ठेवलेलं आहे. तरीही जगभर गाजलेल्या कुठल्याही शूटर गेममध्ये अशी वस्ती तुम्हाला सापडणार नाही. हैदराबाद तिकडे कोणाला ठाऊक नाही, हे कारण पुरेसं नाही. खरी अडचण या रस्त्यावर चालणाऱ्या माणसांची आहे. या प्रकारच्या गेममधलं वातावरण मुळात माणसं वजा करून तयार होतं आणि आपल्या शहरांचं वातावरण माणसांचंच बनलेलं असतं. या दोन गोष्टींचं का जमत नाही आणि ते जमवता येईल का, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

या खेळांत तुम्ही एका अदृश्य माणसाच्या डोळ्यांनी बघता. पडद्याच्या खालच्या बाजूला हात आणि बंदूक, बाकी सगळी चौकट त्या जागेची. नायकाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या मनातलं फारसं कळत नाही. त्यामुळे कथा-कादंबरीत पात्रं जे काम करतात त्यातलं बरंचसं इथे भिंती, दिवे आणि आवाज करतात. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या ‘डूम’ने हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवलं. त्या गेममध्ये जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची प्रकाशाची पातळी होती आणि लांबचं आपोआप अंधारत जात असे. बंद दाराआड राक्षसाची घरघर ऐकू यायची आणि दार उघडायला हात धजायचा नाही. इतक्या तुटपुंज्या साधनांवर भीती उभी राहिली. पण ‘डूम’ला एक गोष्ट अजिबात जमत नव्हती: एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली. त्याचा नकाशा कागदासारखा सपाट होता, प्रत्येक जागेला एकच जमीन आणि एकच छत. त्यात आरटीसी क्रॉस रोडचा चौक काढताच आला नसता. रस्ता दाखवला की मेट्रो गायब, मेट्रो दाखवली की रस्ता गायब. १९९६ च्या ‘क्वेक’ने ती अडचण सोडवली आणि तेव्हापासून पूल, बोगदे, जिने, गच्च्या यांची चंगळ झाली. उंचीचा प्रश्न तीन वर्षांत सुटला. गर्दीचा प्रश्न त्यानंतर तीन दशकं उलटूनही तसाच आहे आणि त्याचं मूळ खेळाच्या नियमांत फार खोलवर गेलेलं आहे.

आधी खेळाडूच्या शरीराकडे बघा. पडद्यावर हात दिसत असले तरी संगणकाच्या लेखी तुम्ही एक उभी पेटी असता. ‘हाफ-लाइफ’ आणि त्याच्याच पायावर बनलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ही पेटी ७२ एकक उंच आणि ३२ एकक रुंद आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या निम्म्याच्या जवळपास. ही पेटी वाकते, पण वळत नाही, आकसत नाही. चिक्कडपल्लीच्या गल्लीत समोरून दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल आली की आपण भिंतीला टेकतो, पिशवी पोटाशी धरतो, अंग चोरतो आणि दोघेही निघून जातो. असा दिवसातून शंभर वेळा होणारा मूक समझोता त्या पेटीला करता येत नाही. दोन पेट्या समोरासमोर आल्या की अडतात. म्हणून गेममधली दारं खऱ्या दारांपेक्षा रुंद असतात, बोळ ऐसपैस असतात आणि जिने एखाद्या मंगल कार्यालयाला शोभतील असे. त्यात पडद्यावर दिसणारा कोन खऱ्या नजरेपेक्षा बराच अरुंद असतो. खऱ्या मापाची खोली त्यातून कोंदट वाटते, म्हणून ती आणखी फुगवावी लागते. आपली गल्ली या मापाने फुगवली की ती गल्ली उरत नाही, हमरस्ता होते. घसट गेली की निम्मं वातावरण तिथेच गेलं.

दुसरी अडचण नजरेची. या खेळात कोपऱ्यावर डोकावणारी आकृती शत्रूची की आपल्या माणसाची, हे सेकंदाच्या लहानशा भागात ओळखावं लागतं. त्यासाठी मागची भिंत साधी हवी. ‘काउंटर-स्ट्राइक’चा ‘डस्ट’ हा मॅप १९९९ चा आणि ‘डस्ट २’ २००१ चा. दोन्ही डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाने केलेले, पहिला तर शाळकरी वयात. भारतातल्या सायबर कॅफेंत ज्यांनी कोवळी वर्षं घालवली त्यांना ‘डस्ट २’ स्वतःच्या शाळेच्या इमारतीपेक्षा जास्त पाठ असतो. पिवळट मातकट भिंती, कमानी, लाकडी खोकी, वर निळं आभाळ. कुठल्याशा वाळवंटी देशातलं गाव, पण गावकरी एकही नाही. त्या पिवळ्या भिंतीवर गडद कपड्यातला माणूस चटकन दिसतो, हीच त्या रंगाची मोठी सोय. आता त्या जागी सिनेमाचे पोस्टर, शिकवणीवर्गांच्या जाहिराती, तेलुगू-उर्दू-इंग्रजी पाट्या, वाळत घातलेले कपडे आणि दहा दिशांना चाललेली माणसं टाका. नेमबाजीचा खेळ शोधाशोधीचा होऊन बसेल. कानाचंही तेच. ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारा अर्धा खेळ कानांनी खेळतो. कोण कुठून पळत येतंय ते पावलांवरून कळतं, म्हणून चतुर खेळाडू दबकत चालतो. रिक्षांच्या हॉर्नमध्ये आणि भाजीवाल्यांच्या हाकांमध्ये कोणाचं पाऊल ऐकू येणार? शांतता ही इथे खेळाची गरज आहे. त्याच गेममधला ‘इटली’ हा मॅप या दृष्टीने फार बोलका आहे. गावचा बाजार आहे, फळांच्या पेट्या मांडलेल्या आहेत, कोंबड्या आहेत, कुठल्याशा खोलीत रेडिओवर ऑपेरा चालू आहे. दुकानदार नाही आणि गिऱ्हाईकही नाही. रेडिओ कोणी लावला, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडत नाही, पण त्या आवाजामुळेच तो मॅप इतरांपेक्षा जास्त लक्षात राहतो. माणूस काढून टाकल्यावरही त्याची खूण ठेवली की जागा जिवंत वाटते, हे त्या रेडिओने नकळत सिद्ध केलं.

ही खूण ठेवण्याची कला पुढे इतकी वाढली की रिकामेपणाला कारण देणं हेच चांगल्या गेमचं लक्षण ठरलं. २००७ च्या ‘बायोशॉक’मध्ये समुद्राच्या तळाशी बांधलेलं रॅप्चर नावाचं शहर आहे. तुम्ही पोहोचता तेव्हा ते कोसळून गेलेलं असतं. तिथल्या काश्मीर नावाच्या रेस्टॉरंटमध्ये १९५९ च्या स्वागताची मेजवानी तशीच पडून आहे: मुखवटे, पताका, उलटलेल्या खुर्च्या. जे घडलं ते कोणी सांगत नाही, टेबलांवरून समजून घ्यायचं. ‘डिसऑनर्ड’ने (२०१२) डनवॉल शहरात उंदरांची साथ आणली आणि रस्ते ओस पाडले. तो खेळ निव्वळ गोळीबाराचा नाही, पण घराणं तेच. युक्रेनमधल्या जीएससी गेम वर्ल्डने तर कारण शोधायचे कष्टही घेतले नाहीत. त्यांच्या देशात ते तयारच होतं. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ ला प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार लोकांना बसमध्ये घालून बाहेर नेण्यात आलं आणि ते परत कधीच आले नाहीत. ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’ (२००७) त्याच परिसरात घडतो. गंजलेले पाळणे, बाभळीसारखं माजलेलं रान, ढगाळ आभाळ. आणि या सगळ्यात मधूनच एखाद्या शेकोटीभोवती बसलेली चार-पाच माणसं, त्यांच्यातला एक गिटार वाजवतोय. त्या गेमचं नाव निघालं की खेळाडूंना पहिल्यांदा ती शेकोटी आठवते, गोळीबार नंतर. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण रिकामेपणाच्या सर्वांत यशस्वी गेममध्येही ओढ माणसांचीच आहे.

‘हाफ-लाइफ २’ (२००४) याच्याही पुढे जातो. कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह मूळचे बल्गेरियाच्या सोफियाचे. त्यांनी सिटी १७ हे शहर पूर्व युरोपच्या वळणावर घडवलं. (डनवॉलच्या घडणीतही त्यांचा हात होता.) खेळ सुरू होतो तो रेल्वे स्टेशनात. निळ्या गणवेशातली मरगळलेली माणसं रांगेत उभी आहेत, मोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्याचं भाषण चालू आहे, एक शिपाई पत्र्याचा डबा मुद्दाम खाली पाडून तुम्हाला तो उचलून कचऱ्यात टाकायला लावतो. बाहेर मुलांच्या खेळण्याचं मैदान आहे आणि मूल एकही नाही. या शहरात कित्येक वर्षांत कोणी जन्मलेलंच नाही, हे पुढे कळतं. समीक्षकांनी या पहिल्या अर्ध्या तासाची तोंडभरून स्तुती केली ती योग्यच होती, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधायला हवं. या भागात तुमच्या हाती बंदूक नसते. माणसं आहेत तोवर शस्त्र नाही. शस्त्र आलं की हळूहळू माणसं विरळ होत जातात. ‘मेट्रो २०३३’ने (२०१०) हेच उघडपणे केलं. दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबरीवरचा हा खेळ मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत घडतो. वर अणुयुद्धाने सगळं संपलेलं, खाली स्टेशनांमध्ये उरलेली माणसं दाटीवाटीने राहतात. पोरं रडताहेत, म्हातारे भांडताहेत, कोणी डुकरं पाळतंय. त्या वस्त्यांमधून चालताना बंदूक वापरता येत नाही. ती वापरायची वेळ येते बोगद्यात, अंधारात, एकट्याने.

आता आपल्याकडे वळू. दक्षिण आशिया या खेळांत आलाच नाही असं नाही. तो कसा आला ते बघण्यासारखं आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये (२००९) कराची नावाचा मॅप होता. कोटीहून जास्त वस्तीचं शहर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. वर दुकानांच्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत, म्हणून टीका झाली ती वेगळीच. त्याच मालिकेतल्या ‘ब्लॅक ऑप्स २’ने (२०१२) लाहोर दाखवलं, पण आधी ते पुरात बुडवलं. गाड्या वाहून चालल्यात, घरं पाण्यात आणि रहिवासी कुठेतरी निघून गेलेले. ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ (२०११) भारतात आला तो हिमाचल प्रदेशातल्या डोंगरउतारावरच्या वस्तीत. ‘फार क्राय ४’ (२०१४) नेपाळच्या धर्तीवरच्या किरात या काल्पनिक देशात; हत्तीवर बसता येतं, देवळांत घंटा आहेत, खेडी विखुरलेली आणि चार-सहा माणसांची. ‘ओव्हरवॉच २’मध्ये २०२३ साली सुरवासा नावाचं भारतीय नगर आलं, देखणं आणि निर्मनुष्य. कराचीच्या पाट्यांवर बोलणारे बरेच निघाले. त्या पाट्यांखालून कराचीकर कुठे गेले, हे विचारणारे फारसे भेटत नाहीत. परदेशी स्टुडिओंना दोष देऊन मोकळं होण्याआधी पुण्यातलं कामही पाहावं. नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) हा बंदुकीचा खेळ नाही, नायिका पूर्ण दिसते. तरी त्याच्या महालांचं आणि देवळांचं वातावरण वाखाणण्याजोगं आहे, आणि ते महाल ओस आहेत कारण असुरांनी जग गिळलंय. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. भविष्यातलं भारतीयपण दाखवायचा त्याचा बाणा आहे आणि त्याची रणभूमी आहे विरलोक, एक परकी भूमी, जिथे खेळाडू कॉस्मियम नावाच्या द्रव्यासाठी लढतात. पुराण किंवा अंतराळ. मधला आजचा रस्ता दोघांनीही टाळला. यात कल्पनेचं दारिद्र्य नाही. दोन्ही संघ हुशार आहेत. या खेळप्रकाराच्या उताराला लागलं की पाणी तिकडेच वाहतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो यंत्रांच्या ताकदीचा. प्रत्येक माणसाला सांगाडा, चाल, वाट शोधायची अक्कल द्यावी लागते आणि त्याचा भार यंत्रावर पडतो. जुन्या यंत्रांना तो झेपत नव्हता, आता झेपेल, मग गर्दीही येईल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पहिला भाग खरा आहे, दुसरा अनुभवाला उतरत नाही. ‘असॅसिन्स क्रीड: युनिटी’ने २०१४ मध्येच क्रांतिकाळातल्या पॅरिसच्या रस्त्यांवर हजारोंचा जमाव उभा करून दाखवला. तो खेळ तलवारीचा आणि भिंतींवर चढण्याचा. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने ‘हिटमॅन २’मध्ये (२०१८) मुंबईची झोपडपट्टी रचली आणि ती भरगच्च आहे. धोबी, शिंपी, चहावाले, सिनेमाचं शूटिंग, बघ्यांची झुंबड. तिथे गर्दी आली कारण खेळाला तिचा उपयोग आहे. तुमचा मारेकरी माणसांच्या घोळक्यात शिरला की पहारेकऱ्यांना दिसेनासा होतो. गर्दी म्हणजे आडोसा. पण तिथेही उघड गोळी झाडली की लोक सैरावैरा पळतात आणि मॅप क्षणात नेहमीच्या शूटरसारखा होतो. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) तर डोळ्यांतून बघायचाच खेळ, नाइट सिटीत माणसांची रीघ. गोळी सुटताच ती माणसं पळतात किंवा डोकं धरून खाली बसतात. म्हणजे यंत्राला गर्दी जमू लागली तरी बंदुकीला ती जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निरपराध माणसांच्या गर्दीत गोळीबाराचा खेळ हवाच कशाला? ती नसते हे चांगलंच नाही का? याचं उत्तर ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्याच एका प्रकरणात मिळतं. त्यात मॉस्कोच्या विमानतळावर अतिरेकी सामान्य प्रवाशांवर गोळीबार करतात आणि खेळाडू त्यांच्यात मिसळलेला हेर असतो. गदारोळ झाला, आणि तो भाग वगळून पुढे जायची सोय मुळातच दिलेली असूनही जर्मनी आणि जपानच्या आवृत्तींत नियम बदलावा लागला: प्रवाशाला मारलंत की मोहीम फसली. तो भाग किळसवाणा वाटतो आणि वाटायला हवा. पण त्यातून निघतं ते एवढंच की माणसांनी भरलेली जागा आली की बंदूक अचानक जड होते. रिकाम्या मॅपवर ती हलकी असते, खेळण्यातली असते. मी गर्दीत गोळीबार मागत नाही. गर्दी आहे म्हणून गोळी झाडता येत नाही, ही अडवणूकच खेळाचा भाग व्हावी, एवढंच मागणं आहे. ‘मेट्रो’च्या स्टेशनांत आणि सिटी १७ च्या फलाटावर ते होऊन गेलंय आणि त्या दोन्ही जागा लोकांच्या लक्षात आहेत.

तिसरा आक्षेप तरुण वाचकांचा असेल. ऑनलाइन खेळात समोरची माणसं खरीच असतात. मग मॅप रिकामा कसा? थोडा हिशेब करू. ‘पबजी’चा एरँगेल हा पहिला मॅप ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर, त्यावर उतरतात १०० खेळाडू. चौरस किलोमीटरला दीड माणूस, आणि तोही मिनिटागणिक घटत जाणारा. २०११ च्या जनगणनेत हैदराबाद जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला १८ हजारांवर होती. शिवाय हे शंभर जण त्या बेटाचे कोणी लागत नाहीत. घरांत शिरतात ते बंदुका आणि मलमपट्टी उचलायला; तिथे कोण राहत होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आपल्याकडे गंमत अशी की गर्दी होती ती पडद्याच्या अलीकडे. डिसेंबर २००० मध्ये आलेला, नॉर्वेच्या इनरलूपने केलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ भारतात जितका खेळला गेला तितकी त्याची आठवण त्याच्या मायदेशातही निघत नसेल. त्याचं तंत्र लढाऊ विमानाच्या गेममधून आलेलं, म्हणून मैदानं अफाट मोठी. मोहीम अर्ध्यात जपून ठेवायची सोय नाही, म्हणून मेलं की पहिल्यापासून. पडद्यावर बर्फाळ लष्करी तळ आणि एकटा नायक जोन्स; खुर्चीमागे चार पोरं, ‘कॅमेरा फोड’, ‘डावीकडे टॉवरवर आहे’ म्हणून ओरडणारी. सायबर कॅफेच्या तासाच्या भाड्यात एकटेपणा एकट्याने कधीच मिळाला नाही. खेळाचं वातावरण म्हणून आपल्या पिढ्यांना जे आठवतं त्यात त्या पोरांचा आरडाओरडा अर्धा आहे, आणि गेम बनवणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

मग चिक्कडपल्ली खेळात आणायची कशी? माझ्या मते पडद्यावर पाचशे माणसं नाचवून ती येणार नाही. ती नुसती सजावट होईल. सुरुवात आवाजाने करावी. भिंतीपलीकडची वस्ती ऐकू आली की ती असते. गानसभेत वाद्यं जुळवली जाताहेत, सिनेमागृहाच्या जाड दारातून मारामारीच्या प्रसंगाचा दणका येतोय, वरून मेट्रो गेली की खांबाजवळची सगळी बोलणी चार क्षण थांबताहेत. हा शेवटचा आवाज खेळाच्याही कामाचा आहे: मेट्रो जाताना तुमचं पाऊल कोणाला ऐकू येणार नाही, म्हणजे चौक ओलांडायचा असेल तर गाडीची वाट बघा. शहराचा गोंगाट खेळाचा शत्रू न राहता त्याचं घड्याळ होतो. मग खुणा. सिटी सेंट्रल लायब्ररीत नोकरभरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं सकाळपासून जागा धरतात, आत मिळाली नाही तर आवारात झाडाखाली बसतात. खुर्चीवर ठेवलेली पाण्याची बाटली, तिच्याखाली दाबलेली चालू घडामोडींची वही, पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. माणूस चहाला गेलाय आणि येणार आहे, हे सांगायला एवढं पुरतं. रॅप्चरच्या मेजवानीतली माणसं परत येणार नाहीत, म्हणून तिथे भय आहे. इथली परत येणार आहेत, म्हणून इथे ताण वेगळा: ती यायच्या आत तुम्हाला निघायचंय. आणि ती आलीच, तर बंदूक खाली. युरोप-अमेरिकेच्या गेमांनी उद्ध्वस्त जागेचं वातावरण इतकं घोटून घोटून केलंय की वापरात असलेल्या जागेचं वातावरण हा प्रांत जवळजवळ मोकळा पडला आहे.

यावर कोणी म्हणेल की मार्च २०२० च्या टाळेबंदीत हाच रस्ता ओस पडला होता. तसाच दाखवा, प्रश्न मिटला. दाखवायला हरकत नाही. पण त्या दिवसांत रिकाम्या चौकाचे फोटो पाहून हैदराबादकरांना जे वाटलं ते भरलेला चौक माहीत होता म्हणून. ज्याने आधी गर्दी पाहिली नाही त्याला तो नुसता रुंद रस्ता. ‘हाफ-लाइफ २’ने आधी स्टेशनातली माणसं दाखवली आणि मग रस्ते रिकामे केले, तो क्रम विसरून चालणार नाही. आपल्याकडच्या गेमकर्त्यांनी हा क्रम उलटा करून पाहिला तरी चालेल: रिकाम्या पहाटेपासून सुरू करा आणि सिनेमाच्या पहिल्या खेळापर्यंत चौक भरू द्या, तसतशी खेळाडूची हालचाल आवळत न्या.

हे करायला मोठा स्टुडिओ लागत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’चे मॅप बनवायचं हॅमर हे साधन व्हॉल्व्ह कंपनी गेमसोबत देते आणि ‘डस्ट’ बनवणारा मुलगा तुमच्याहून वयाने मोठा नव्हता. हैदराबादेत, पुण्यात, नांदेडात जे कोणी हे शिकत असतील त्यांना एवढंच सांगणं आहे: पहिल्याच दिवशी भिंती उभ्या करू नका. फोन घेऊन संध्याकाळी सहा वाजता आपल्या चौकात उभे राहा, तासभर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा, घरी येऊन डोळे मिटून ऐका, आणि जे जे ऐकू आलं त्याची यादी करून मगच मॅपची पहिली रेघ ओढा.